लिबांच्या घरचे सतरा जण

मला राग पटकन येतो. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे सगळे हे जाणून आहेत. मी चिडलेली दिसले की सासूबाई माझ्या हातातलं दुधाचं पातेलं काढून घेतात. पण तो राग येतो तसा जातो. एका कॉम्प्युटरवर मात्र मी सलग चार रविवार चिडलेली होते, आणि आजही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात.

गोष्ट माझ्या थोरल्या भावाची. आमचं माहेर डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दादा तिथल्याच शाळेत मराठी शिकवतो. शाळा एका खासगी संस्थेची, चार खोल्यांची. काचबिंदूने दादाची नजर आधी कडेकडेने गेली आणि मग मधूनही गेली. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उरलीय ती सांभाळा. उरलं होतं काय, डोंबल! तरी दादा रोज वर्गात उभा राहायचा. धडे त्याला पाठ होते, पोरांचे आवाज पाठ होते. मागच्या बाकावर कोण चिंचोके खेळतंय ते त्याला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं, आणि नजर असताना कळत नव्हतं एवढं आता कळतं म्हणून पोरंच हैराण व्हायची.

अडचण होती ती कागदांची. घरी वहिनी वाचून दाखवायची. ती सातवी शिकलेली. जोडाक्षरांची लांबलचक सरकारी वाक्यं आली की ती सरळ पुढच्या ओळीवर उडी मारायची. शाळेत क्लार्क वाचून दाखवायचा. तो दादाचाच जुना विद्यार्थी. सही करायची वेळ आली की कागदावर जिथे तो बोट ठेवील, तिथे त्याच्या बोटाला लागून दादा सही करायचा. मी एकदा हे डोळ्यांनी पाहिलं. दादा मला म्हणाला, "लोक वाचून दाखवतात गं, नाही म्हणत नाही. पण त्यातलं काय गाळतात, ते मला कळत नाही. मला माझं वाचता आलं पाहिजे."

त्यातच होळीच्या आधी संस्थेचे सचिव शाळेत आले. मंचरला राहतात, गाडीतून येतात, कडक इस्त्री, बोलणं गोड. म्हणाले, "सर, कॉम्प्युटरवर तुम्ही स्वतःचं स्वतः वाचून दाखवलंत तर वर्ग तुमचाच. नाही तर संस्थेला विचार करावा लागेल." महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो म्हणाले. जाता जाता, "त्याच दिवशी दोन-तीन फॉर्मवर सह्याही लागतील, ट्रेनिंगचे आहेत," असंही म्हणाले. दादाला वर्ग सोडायचा नव्हता. घरी बसवला तर तो वर्षभरात संपेल, हे वहिनीला आणि मला न बोलता कळत होतं. मधे चार रविवार होते.

शाळेत कॉम्प्युटर एकच, क्लार्क टायपिंगला वापरतो तो. कुणीतरी दान दिलेला, जुना, आत लिनक्स. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी जुन्नरला एका शीतगृहाच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवते आणि आमच्याकडेही लिनक्सच आहे. ते काही ज्ञानासाठी नाही, आमचे मालक फुकटचं सोडत नाहीत म्हणून. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. तेही फुकट, आणि मराठीही बोलतं. मी ऑफिसात एक ओळ टाइप केली, चहा घेऊन येईपर्यंत ते आपलं आपण उतरलं, बसलं आणि बोलायला लागलं. धरणाच्या भिंतीवरून दादाचा फोन आला तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे."

त्या पाच मिनिटांवर मी पुढे किती दात खाल्ले!

आमच्या गावात रेंज नाही. फोन करायचा तर धरणाच्या भिंतीवर जावं लागतं, आणि तिथे कॉम्प्युटरला वीज कोण देणार? शाळेतला कॉम्प्युटरचा डबा उचलून मंचरला न्यावा, तर मुख्याध्यापक म्हणाले, शाळेची वस्तू शाळेबाहेर जाणार नाही, वरून परवानगी आणा. वरून म्हणजे सचिवांकडून. दादा म्हणाला, राहू दे, त्यांच्याकडे नको मागायला. मग मी ठरवलं, सॉफ्टवेअरची फाईल जुन्नरला उतरवून घ्यायची, पेनड्राईव्हमधे टाकायची आणि घेऊन जायची.

पहिल्या रविवारी मी एक फाईल घेऊन गेले. एकच! आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. जुन्नरहून नारायणगाव, नारायणगावहून मंचर, मंचरला हायवेवर ट्रकांच्या धुरळ्यात तासभर उभी, मग घोडेगाव, मग डिंभे. तिथून वर चालत. शाळा उघडायला दादा किल्ली घेऊन आलेला, शेजारी वहिनी. मी फाईलवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर लाल अक्षरं आली. या पॅकेजला अमुक एक पॅकेज लागतं, ते इथे नाही, म्हणून बसवता येत नाही.

"काय म्हणतंय?" दादाने विचारलं.

"आपल्याबरोबर अजून एक जण पाहिजे म्हणतंय."

"मग आण पुढच्या वेळी," तो म्हणाला. एवढं साधं. मी मात्र परतीच्या बसमधे स्वतःला शिव्या घालत होते. ऑफिसात नेट होतं, म्हणून ज्याला जे लागेल ते त्याने गपचूप ओढून घेतलं आणि मला वाटलं सॉफ्टवेअर एकट्याने आलं. एकट्याने काही येत नाही, हे मला या वयात कळावं?

दुसऱ्या रविवारसाठी मी आठवडाभर इंटरनेटवर शोधलं. तिथे लोकांनी विचारलेले प्रश्न असतात आणि हुशार लोकांची उत्तरं असतात. कुणी बिचारा विचारतो, माझ्याकडे नेट नाही, पॅकेज कसं बसवू? उत्तर येतं, सोपं आहे, नेट जोडा आणि ही एक ओळ टाइप करा. अरे, त्याच्याकडे नेट नाही, तेच तर तो सांगतोय! डोळे आहेत ना तुला, वाच की मेल्या! मी ऑफिसात बसून त्या पडद्याला मोठ्याने बोलले, तेव्हा बटाट्याच्या गाडीची पावती घ्यायला आलेला ड्रायव्हर दारातूनच माघारी गेला.

लाल अक्षरांत नाव आलं होतं ते पॅकेज घेतलं, त्याला लागणारी चार घेतली, आणि गेले. आधीचा एक प्रश्न सुटला आणि सात नवे उभे राहिले. आवाज काढणाऱ्याला आवाजाचा साठा पाहिजे. आवाज पोचवणाऱ्याला आणखी कुणी पाहिजे. त्यातून दोन फाईली माझ्या ऑफिसच्या नव्या लिनक्सच्या होत्या, शाळेतलं लिनक्स जुनं, म्हणून त्या म्हणाल्या, आम्हाला इथला पाया चालणार नाही, नवा पाया घाला. मी वैतागून जबरदस्ती केली. टर्मिनल नावाची काळी खिडकी असते, तिच्यात आज्ञा टाइप करून एकेक फाईल आत कोंबली. मग सगळंच अर्धवट लटकलं. कॉम्प्युटर म्हणाला, मोडलेलं दुरुस्त करायची आज्ञा द्या. दिली. तर दुरुस्ती म्हणजे काय केलं त्याने? मी दोन आठवडे खपून आत घातलेला स्क्रीन रीडरच काढून टाकला! आलेल्या पाहुण्याला हाकलून दिलं, आता घरात भांडण नाही, असा कारभार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कीबोर्ड आपटला. वहिनी दचकून उठली आणि चुलीवर काही ठेवलंय म्हणून निघून गेली. चुलीवर काही नव्हतं.

दादा शांत बसून होता. तो लहानपणापासून असाच. मी चिडायची आणि तो वाट बघायचा. म्हणाला, "आता ती लाल अक्षरं मला सावकाश वाचून दाखव. एकही शब्द गाळू नको."

मी वाचलं. कोणाला कोण पाहिजे, त्याला पुन्हा कोण पाहिजे. तो बोटांवर धरत गेला.

"ही तर पडकई आहे," तो म्हणाला.

पडकई म्हणजे आमच्या डोंगरातली रीत. उन्हाळ्यात भाताची खाचरं करायची, बांध घालायचे. एका घराला ते जमत नाही, म्हणून आठ-दहा घरं एकत्र येतात. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या रानात. मजुरी नाही, प्रत्येक घरचा एक माणूस येतो.

"तू काय करतेस," दादा म्हणाला, "एकाला बोलावतेस, तो आल्यावर विचारतेस तुला कोण पाहिजे, मग पुढच्या रविवारी त्याला आणतेस. असं केलंस तर पाऊस येईल नि बांध तसाच राहील. आधी सगळ्या मंडळींची यादी कर. आणि ती तुझ्या नव्या मशीनला विचारू नको, या म्हाताऱ्यालाच विचार."

नजर नसलेल्या माणसाने, लिनक्स म्हणजे काय हे नीटसं माहीत नसताना, हे मला सांगावं! मी शाळेतल्या लिनक्सची आवृत्ती हातावर पेनने लिहून घेतली. जुन्नरला जाऊन अगदी तीच जुनी आवृत्ती पेनड्राईव्हवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालू केली आणि तिला आज्ञा दिली, स्क्रीन रीडरसाठी जे जे लागतं ते सगळं फक्त उतरव, बसवू नको. तिने मुकाट उतरवलं. चाळीसच्या वर फाईली निघाल्या. एका आवाजासाठी चाळीस जण! पण सगळे एका जागी, एका वयाचे. शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसात एकटीच हसले.

आणि शनिवारी मालक म्हणाले, रविवारची सुट्टी रद्द. बटाटा यायला लागला होता, शीतगृहाच्या दारात गाड्यांची रांग. मी भांडले. ते म्हणाले, जा, मग सोमवारीही येऊ नकोस. असं तोंडावर. मी गिळलं, पण तो घास अजून घशात आहे.

माझा एक चुलतभाऊ मंचरच्या मार्केटात कांद्याच्या वजनाला असतो. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. शनिवारी रात्री गावी मुक्कामाला जातो. मी त्याला फोन केला. सगळ्या फाईली व्हॉट्सॲपवर पाठवते, मंचरच्या रेंजमधे असतानाच फोनमधे उतरवून घे, आणि रविवारी शाळेत जाऊन वायरने कॉम्प्युटरला दे, पुढचं दादा तुला सांगेल. दादाला आज्ञा एव्हाना पाठ झाल्या होत्या. चुलतभाऊ म्हणाला, "ताय, तू काय काळजी करू नको. मी हाय ना!"

रविवारी दुपारी त्याचा धरणाच्या भिंतीवरून फोन. वारा इतका की निम्मं ऐकू येईना.

"ताय, नाय झालं गं. लाल लाल लई आलं."

"किती फाईली दिल्यास?"

"दिल्या की. अकरा."

"अकरा? मी चाळीसच्या वर पाठवल्या होत्या!"

"व्हय, पण माझ्या फोनात जागा नव्हती."

त्याच्या फोनात जागा कशी असणार? बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ! प्रत्येक घाटातले, प्रत्येक बारीचे म्हणजे धावेचे, एकही पुसायचा नाही. "मग तू कुठल्या घेतल्यास?" मी विचारलं. माझा आवाज तेव्हा कसा होता ते शीतगृहातल्या हमालांना विचारावं.

"आता असं बघ," तो समजावून सांगायला लागला, "दादा गेल्या रविवारी म्हणला ना ही पडकई हाय. मग मी नावं बघितली. समदी चार-पाच घरचीच व्हती. एका घरचा एकच माणूस येतो ना पडकईला? लिबांच्या घरचे तर सतरा जण व्हते, ताय! सतरा! मी एक घेतला. दांडगा बघून घेतला."

लिब! ज्या फाईलींच्या नावाची सुरुवात लिब अशी, त्या सगळ्या त्याला एका घराच्या वाटल्या. आडनाव एक म्हणजे घर एक. पायथन नावाच्या घरचा एक. आवाजाच्या घरचा एक. उरलेल्या जागेत, घर मोठं म्हणून, कुणाचा तरी एखादा जास्तीचा. आणि निवडताना आकार बघितला, कारण बांधावर धोंडे उचलायला अंगापिंडाने मजबूत माणूस लागतो. मी फोनवर त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तुझे बैल, तुझे गाडे, तुझी अक्कल, सगळं काढलं. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "चुकलं गं ताय. पण दादा नाय चिडला."

तेच तर! दादा चिडत नाही, म्हणून मला दोघांच्या वाटचं चिडावं लागतं.

खरं सांगायचं तर मी त्याच्यावर चिडले नव्हते. माणसाने स्वतःला जे माहीत आहे त्यावरून अंदाज बांधला, चुकला. मी तरी काय वेगळं केलं होतं? मला राग होता तो या सगळ्या फुकटच्या, उदार, जगासाठी खुल्या असलेल्या वस्तूंचा, ज्या गृहीत धरतात की नेट सगळ्यांच्या दारात आहे. दान देणाऱ्यांचा राग होता. डबा दिला, फोटो काढला आणि गेले. आणि सचिवांचा राग होता. पगारी नोकरीतल्या माणसाला, ज्याने त्यांच्या शाळेत आयुष्य घातलं, त्याला ते म्हणतात स्वतःची व्यवस्था स्वतः कर आणि सोमवारी परीक्षा दे.

चौथ्या रविवारी मी मालकांना विचारलंच नाही. नोकरी गेली तर गेली. सगळ्या फाईली पेनड्राईव्हवर, आणि दुसऱ्या पेनड्राईव्हवर पुन्हा त्याच. घोडेगावला डिंभ्याची बस आली नाही. का नाही, कुणी सांगत नाही. स्टँडवरचा माणूस म्हणतो, आली असती तर आली असती. मी मासळीच्या रिकाम्या क्रेटच्या पिकअपमधे पुढे बसून गेले. शाळेत पोचले तेव्हा अंगाला घोड नदीतल्या माशांचा वास येत होता.

दादा, वहिनी आणि चुलतभाऊ, तिघं बसून होते. चुलतभाऊ माझ्यापासून हातभर लांब. मी फोल्डर उघडलं आणि एकच आज्ञा दिली, इथे आहेत तेवढ्या सगळ्यांना एकदम आत घे. ओळी पळायला लागल्या. लाल काही नाही. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "लिबाची समदी आली का?" मी म्हटलं, "सतराच्या सतरा."

शेवटची ओळ आली. मी स्क्रीन रीडर चालू केला. काही आवाज नाही. पुन्हा केला. नाही. मी उठले, टेबलावर हात आपटला, आणि आता या डब्याला धरणात बुडवते म्हणाले. दादाने मला बाजूला सारलं, डब्याच्या मागे हात घातला, बोटांनी भोकं चाचपली आणि स्पीकरची वायर काढून शेजारच्या भोकात बसवली.

"डेस्कटॉप," कॉम्प्युटर म्हणाला.

नाकात बोलणारा, कोरडा, पत्र्यासारखा आवाज. वहिनीने तोंडाला पदर लावला. मी मराठी आवाज निवडून दिला. दादाने खुर्ची ओढली. तरुणपणी तो टायपिंग शिकलेला, बोटं आपोआप जागेवर गेली. बाणाची कळ दाबली की आवाज पुढचं नाव सांगायचा, पुन्हा दाबली की त्याच्या पुढचं. तो फिरत राहिला. हजेरी. पोषण आहार. स्नेहसंमेलन. एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहून पहिल्यांदा प्रत्येक खोलीत जावं तसा. त्याचा चेहरा मी कितीतरी वर्षांत असा पाहिला नव्हता. मी रडले. सांगायला लाज कसली.

मग त्याने आणखी एकदा कळ दाबली आणि आवाज म्हणाला, "राजीनामा."

आणि त्यापुढे दादाचं आडनाव.

दादाचं बोट थांबलं. मग त्याने ती फाईल उघडली. कॉम्प्युटर त्याच कोरड्या आवाजात वाचायला लागला. मी, दादाचं पूर्ण नाव, माझ्या स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय, प्रकृतीच्या कारणास्तव सदर पदाचा राजीनामा देत आहे. यापुढे संस्थेकडे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. सदर मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला समजला आहे. आपला विश्वासू. खाली सहीसाठी मोकळी जागा. ती जागा त्याने वाचली नाही, मला दिसली.

ट्रेनिंगचे फॉर्म! दोन-तीन सह्या!

मी काय बोलले ते मला आठवत नाही. वहिनी सांगते की मी चप्पल घालून मंचरला निघाले होते, आत्ताच्या आत्ता, त्या माणसाच्या दारात उभं राहून गावाला ऐकू जाईल असं बोलायला. चुलतभावाने मला दारात अडवलं. दादा तिथेच बसून होता. त्याने कळ दाबून ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. आणि मग तिसऱ्यांदा.

"शुद्ध लिहिलंय," तो म्हणाला. "माझ्याच हाताखाली शिकलाय टाइप करणारा." त्याच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी तुटलं. सचिवांचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. पण तो क्लार्क रोज सकाळी नमस्कार सर म्हणायचा. त्याने हे टाइप केलं, जतन केलं, आणि दुसऱ्या दिवशीही म्हणाला.

थोड्या वेळाने दादा चुलतभावाला म्हणाला, "उद्या अकराला शाळेत यायला सांग. एका घरचा एक."

"दांडगा बघून?"

"नको," दादा म्हणाला. "कान चांगले असलेला बघून."

सोमवारी सचिव आले तेव्हा वर्गाच्या बाहेर ओट्यावर माणसं बसलेली. बायाही होत्या. सचिवांनी विचारलं, काय कार्यक्रम आहे का? दादा म्हणाला, "प्रात्यक्षिक आहे ना सर. पालकांनाही बघू दे." सचिव हसले. क्लार्क त्यांच्या मागे प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरून उभा. मी भिंतीला टेकून उभी होते, दोन्ही हात मागे, कारण पुढे घेतले असते तर काही खरं नव्हतं.

"हं, वाचा सर काहीतरी," सचिव म्हणाले.

"काय वाचू?"

"काहीही वाचा हो. जे तुम्हाला जमेल ते."

दादाने कळ दाबली. हजेरी. पोषण आहार. स्नेहसंमेलन. सचिव मान डोलवत होते, वा, वा म्हणत होते. राजीनामा हा शब्द आला तेव्हा त्यांची मान थांबली. क्लार्क खाली बघायला लागला. दादाने स्पीकरचा आवाज वाढवला आणि फाईल उघडली. तो पत्र्याचा आवाज एकही शब्द न गाळता, कुठेही उडी न मारता, सगळं वाचत गेला. स्वखुशीने. कोणाच्याही दबावाशिवाय. वाचून दाखवला असून. ओट्यावरची माणसं एकेक करत उठून दारात आली.

"तो कच्चा मसुदा आहे," सचिव म्हणाले. "नुसता करून ठेवलेला."

दादाने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि हात पुढे करून थांबला.

"क्लार्कजवळच्या फाईलीत कागद असेलच ना सर," तो म्हणाला. "काढा. सही कुठे करायची तेवढं दाखवा. बोट ठेवा."

सचिवांनी हात खिशातून बाहेर काढला नाही.